आरसा, कापड आणि हाताचा आडोसा

कॅमेऱ्याच्या दुकानात दिवा घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "किती वॅटचा?" दुकानदारही तयारच असतो. साठ, दोनशे, तीनशे, सीआरआय सत्त्याण्णव, फोनवरून रंग बदलता येतो, सोबत बॅग फुकट. खोक्यावरचे आकडे वाचण्यात अर्धा तास जातो, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या उजेडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो कुठून येणार, किती मोठा असणार, वाटेत त्याला कोण अडवणार, हे प्रश्न निघतच नाहीत. वॅटचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचा नंबर तिसरा किंवा चौथा लागतो.

आपल्याकडच्या कृष्णधवल सिनेमातले मला सर्वांत देखणे वाटणारे दोन उजेड वॅटच्या हिशेबात बसत नाहीत. एक आरशाने आणला, दुसरा कापडाने. दोन्हींमध्ये फक्त तीन वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही माणसं ऐन तारुण्यात होती. दिवे निवडणं म्हणजे नेमकं काय, हे शिकायला यांच्यासारखं क्रमिक पुस्तक नाही.

पहिला उजेड 'कागज के फूल'मधला. साल १९५९. गुरुदत्तचा हा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायाचित्रण म्हैसूरच्या व्ही. के. मूर्तींचं. कलादिग्दर्शन आपल्या एम. आर. आचरेकरांचं, म्हणजे मुळात चित्रकाराचं, हे विसरू नये. कैफी आझमींनी लिहिलेलं, सचिनदेव बर्मनांनी बांधलेलं आणि गीता दत्तने गायलेलं त्यातलं एक गाणं रिकाम्या स्टुडिओत घडतं. पडद्यावर कुणी ओठ हलवत नाही. नायिका वहिदा एका बाजूला, गुरुदत्त दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मधल्या प्रचंड काळोखात वरून तिरका उतरलेला उजेडाचा एक खांब. दोघांची मनं त्यांच्या देहांतून बाहेर पडून त्या झोतात येतात, देह मात्र अंधारात जागच्या जागी राहतात. दृश्याची सगळी कल्पना त्या एका झोतावर उभी आहे. झोत लेचापेचा निघाला असता तर गाणं ऐकण्यापुरतंच उरलं असतं.

आता तो झोत जरा निरखून पाहा. त्याच्या दोन्ही कडा जवळजवळ समांतर आहेत. वर अरुंद आणि खाली फाकलेला असा तो नाही. शिवाय तो वर जितका उजळ, जमिनीपाशीही जवळपास तितकाच उजळ. स्टुडिओतला नेहमीचा दिवा हे करू शकत नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. दहा फुटांवर जो उजेड शंभर, तो वीस फुटांवर पंचवीस. त्यामुळे वरच्या मचाणावर ठेवलेल्या दिव्याचा झोत जमिनीपर्यंत येताना फाकतो आणि मरगळतो. सूर्य मात्र पंधरा कोटी किलोमीटरवर. एवढ्या अंतराच्या हिशेबात स्टुडिओची पन्नास फूट उंची कुणाच्या खिजगणतीत? सूर्याचा झोत पन्नास फुटांत जेमतेम पाच-सहा इंच फाकतो. उजेड कमी होणं तर डोळ्याला जाणवतही नाही.

मूर्तींनी हेच केलं. एक मोठा आरसा स्टुडिओच्या बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर. बाहेरच्याने ऊन आत फेकलं, आतल्याने ते खाली वळवलं. ऐकायला पोरखेळ वाटतो. लहानपणी आरशाच्या तुकड्याने समोरच्या गॅलरीत कवडसे कुणी पाडले नाहीत? पण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. पन्नास फुटांवरचा कवडसा तेवढ्या वेळात दहा इंच हलतो. शॉटची तयारी, तालीम, टेक, पुन्हा टेक. बाहेरच्या आरशापाशी उभ्या असलेल्या माणसाला सारखा हात चालवावा लागला असणार. श्रेयनामावलीत त्याचं नाव नसतं. पण त्या झोताचा अर्धा कर्ता तो. आणखी एक गोष्ट: झोत स्वतः कधीच दिसत नसतो. हवेत धूर किंवा धूळ असेल तरच तो दिसतो. म्हणून उजेडाच्या सामानात धुराचं यंत्रही धरावं लागतं, हे नवख्याच्या यादीत क्वचितच असतं.

मूर्तींना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला, आणि छायाचित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. चित्रपट मात्र तिकीटबारीवर सपाटून आपटला. गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही.

दुसरा उजेड याच्या अगदी उलट. तो आहे हे कळूच नये, हीच त्याची थोरवी. 'अपराजितो', १९५६. काशीतल्या गल्लीत हरिहरचं बिऱ्हाड. मधे अंगण आणि भोवताली खोल्या. असं घर आपल्याला अनोळखी नाही. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्याच्या चौकात ऊन थेट फार थोडा वेळ उतरतं. बाकी दिवसभर असतो तो आभाळाचा उजेड: वरून येणारा, सगळीकडे सारखा पसरणारा, माणसाच्या पायाशी धड सावलीही न पाडणारा. हा उजेड जसाच्या तसा पडद्यावर हवा, असा छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचा हट्ट होता. पण पावसाळा तोंडावर आला होता, आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना ते घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचं होतं. मित्रांनी वाद घातला, की आभाळाचा बिनसावलीचा उजेड स्टुडिओत आणता येणार नाही. वादात ते हरले. त्या हरण्यातून जे निघालं ते आज जगभरच्या सेटवर रोज वापरलं जातं.

त्यांनी अंगणाच्या डोक्यावर चौकटीत ताणून पांढरं कापड बसवलं, आणि दिवे खालून त्या कापडाकडे वळवले. नटांवर एकही दिवा रोखलेला नाही. दिव्यांचा उजेड कापडावर आदळून परत फिरतो आणि कापडच आभाळ होतं. त्या काळच्या स्टुडिओत चेहऱ्यावर दिवा रोखणं हाच धर्म होता. नायिकेला एक, नायकाला एक, केसांना मागून एक, भिंतीला एक. परिणामी घरात एकच खिडकी असली तरी भिंतीवर माणसाच्या तीन-तीन सावल्या. आपल्या जुन्याच नव्हे, आजच्याही मालिकांत त्या मोजून पाहा. दिवाणखान्यात सासूबाई बोलत असतात आणि त्यांच्या मागे सोफ्यावर त्यांच्या दोन सावल्या चहाला बसलेल्या असतात! रोज एक भाग चित्रित करायचा, तीन कॅमेरे एकदम चालवायचे, म्हणून सगळीकडून उजेड ओतावा लागतो, हे मान्य. पण डोळ्यांना ते खटकतं ते खटकतंच.

'अपराजितो'त हरिहरची बायको सर्वजया कामात असते, अंगणातून आत जाते, बाहेर येते. अंगणाच्या मधोमध ती उजळ. ओसरीच्या कडेला किंचित सावळी. खोलीच्या दाराशी तिचा चेहरा अर्धा विझलेला. हे तीन टप्पे कुठल्याही दिव्याने रंगवलेले नाहीत. कापडापासून ती जितकी आड गेली तितका उजेड कमी झाला, इतकंच. नाकाच्या सावलीची कड शोधायला जा, ती सापडतच नाही. गालात विरून जाते. आणि ती घाटावर गेली की खरं ऊन लागतं, सावल्या सुरीसारख्या होतात. मग पुन्हा घर, पुन्हा तो मऊ उजेड. घर स्टुडिओतलं आणि घाट काशीतला, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मित्र तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. 'अपराजितो'च्या आधीच्या 'पथेर पांचाली'पूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर' करत होते तेव्हा हा मुलगा सेटवर नुसता बसून दिव्यांच्या जागा वहीत काढून घेई. दुकानात जाण्याआधीची ही तयारी मला कुठल्याही सामानापेक्षा मोलाची वाटते.

आता या दोघांकडून दुकानात काय न्यायचं?

पहिलं म्हणजे उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या हिशेबात उजेडाचा उगम किती मोठा दिसतो, यावर ठरतं. तीन फुटांचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर असला की तो आभाळ असतो. तोच बारा फुटांवर नेला की बिचारा साधा बल्ब होतो. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आकाशात अर्ध्या अंशाचा ठिपका. म्हणून त्याची सावली कडक. म्हणजे घरातल्या लहान खोलीत मुलाखती करणाऱ्याला महागडा तीनशे वॅटचा दिवा घेण्याआधी मोठं कापड आणि ते धरणारा धड स्टँड लागतो. कापड-दुकानातली तीन वार पांढरी मलमल, नाहीतर कोरी मांजरपाट. कोरं कापड उजेडाला थोडा पिवळेपणा देतं, माणसाच्या कातडीला तो बरा दिसतो. सेटवरचे लाइटबॉय बटर पेपर चिमट्यांनी लावतात तेही उत्तमच, फक्त तापणाऱ्या दिव्यापासून हातभर लांब. आणि थर्मोकोल! आपल्या शूटिंगच्या धंद्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू वस्तू. चार बाय तीनचा पांढरा पत्रा, मोडला तर मोडला. दिवा त्याच्यावर मारा, परत येणारा उजेड चेहऱ्यावर घ्या. मित्रांचं आभाळ एवढ्याशा खर्चात.

पण कापड फुकट काम करत नाही. ते उजेड खातं, आणि परतवून घेतलेला उजेड तर त्याहून जास्त कमी होतो. वॅटचा प्रश्न येतो तो इथे. कापडाच्या आतून किंवा कापडावरून आल्यावर जे उरेल ते पुरलं पाहिजे. बंद खोलीत, आजच्या कॅमेऱ्यांना, साठ वॅटचा एलईडी एका चेहऱ्याला पुरतो. खिडकीतलं दुपारचं ऊन मागे ठेवून बसायचं असेल तर दोनशेही अपुरे पडतील. तेव्हा खुर्ची फिरवा. दिवा बदलण्यापेक्षा ते स्वस्त.

दुसरं सामान आरसा. मूर्तींचा आरसा आज पेटीत भरून विकला जातो. 'द व्हाइट रिबन'चे छायाचित्रकार क्रिस्टियन बर्गर यांनी एक पद्धत बसवली: एकच समांतर झोत टाकणारा दिवा, आणि बाकी सगळं काम परावर्तकांचं. कुणी लख्ख, कुणी थोडं धूसर, कुणी जवळजवळ कापडासारखं. खोलीत दिव्यांच्या जागी पाट्या उभ्या राहतात, जमीन मोकळी राहते, नट मोकळे फिरतात. उजेड देखणा यात शंका नाही, पण खर्च लहानसहान माणसाच्या आवाक्याबाहेरचा. मात्र बाथरूमचा जुना आरसा आणि खिडकीतलं सकाळचं ऊन आपल्या सगळ्यांच्या आवाक्यात आहे. भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली हवी असेल, टेबलावर कडक उन्हाची तिरीप हवी असेल, तर आरसा जे देईल ते सॉफ्टबॉक्स सात जन्मांत देणार नाही. फक्त आरशाचं ऊन थेट माणसाच्या डोळ्यांत घालू नका. बागेतल्या गाण्यांत रुपेरी पाट्यांपुढे डोळे मिचकावणारे नायक आपण पुरेसे पाहिले आहेत.

तिसरं सामान मला एका चित्राने शिकवलं, सिनेमाने नव्हे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं 'ग्लो ऑफ होप', १९४५-४६चं. जलरंगातलं काम, समोर त्यांची स्वतःची मुलगी. अनेकांना ते आजही रविवर्म्याचं वाटतं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतात ती उजेडाने तांबूस झालेली बोटं, त्यांच्या फटींतून सुटलेला उजेड, आणि खालून वर चेहऱ्यावर चढत जाणारी आभा. हळदणकरांनी ज्योत उघडी रंगवली असती तर बघणाऱ्याची नजर आधी तिच्यावर गेली असती, आणि चेहरा मागे पडला असता. तळहात तिथे दोन कामं एकाच वेळी करतो: उजेड अडवतो आणि उजेड गाळतो. स्टुडिओत यालाच कटर आणि स्किमर म्हणतात. पहिला काळ्या कापडाचा, दुसरा पातळ पांढऱ्या. दिव्यांच्या खरेदीत यांच्यासाठी कुणी पैसे ठेवत नाही, आणि मग सगळी खोली दुधासारखी सपाट उजळते. भिंतीवर सांडलेला उजेड काळ्या चादरीने थोपवा, माणूस लगेच भिंतीपासून सुटून पुढे येतो. मला विचाराल तर नवख्याने दुसरा दिवा घेण्याआधी काळं कापड घ्यावं.

आकड्यांचंही थोडं बोलायला हवं, कारण तिथे फसगत होते. पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा. त्यावर पिवळसर लेप बसवून पांढऱ्याचा भास निर्माण केलेला असतो. सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा, काढताना आठ फिक्या रंगांची सरासरी घेतात, आणि गडद तांबडा त्या आठांत नसतो. त्याचा आकडा वेगळा, आर-९ नावाचा. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीतला जिवंतपणा बराचसा तांबड्यातच असतो. म्हणून सीआरआय पंचाण्णव आणि आर-९ पन्नास असला दिवा माणसाला आजारी दाखवतो, आणि मग तासन् तास संगणकावर रंग सुधारत बसावं लागतं. टीएलसीआय हा आकडा दिला असेल तर तो बघा. तो माणसाच्या डोळ्याऐवजी कॅमेरा डोळ्यासमोर ठेवून काढलेला असतो. आणि कुठलाही आकडा दिलेलाच नसेल तर दुकानदाराला स्वतःचा तळहात त्या दिव्याखाली धरायला सांगा. हिरवट दिसला की नमस्कार करून बाहेर.

लुकलुकणं ही दुसरी फसगत. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा विझतात-लागतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनवर आपण ३० फ्रेम घेतो आणि शटर १/६०वर ठेवतो, तेव्हा पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. शटर १/५० किंवा १/१०० केलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. दिवा मंद करून मात्र जरूर तपासा. काही दिवे पूर्ण ताकदीला शहाणे आणि दहा टक्क्यांवर वेडे असतात. पंख्याचा आवाजही मंद दिव्यालाच ऐका. शांत खोलीतल्या मुलाखतीत तो घोंघावणारा पंखा माइक अचूक पकडतो.

रंगीबेरंगी नळ्यांबद्दल काय बोलणार? पाठीमागे जांभळा, बाजूला निळसर हिरवा, मधे माणूस. काल नवं होतं, आज सगळ्यांच्या खोल्या एकसारख्या. आणि रिंग लाइट: कॅमेऱ्याभोवतीच उजेड असल्याने चेहऱ्यावर सावली उरत नाही, म्हणजे चेहऱ्याला नाकच उरत नाही. डोळ्यांत मात्र पांढऱ्या बांगड्या चमकतात. मेकअप दाखवायला ठीक. गोष्ट सांगायला नाही.

तो बांगड्यांचा पुरावा मात्र फार कामाचा. कुठलाही चेहरा मोठ्या पडद्यावर दिसला की त्याच्या बुबुळात पाहावं. चौकोनी ठिपका असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, लहान टोकदार ठिपका असेल तर उघडा दिवा, उभी पांढरी रेघ असेल तर नळी, आणि वरच्या अर्ध्या बुबुळात पसरलेलं पांढरं धुकं असेल तर कुणीतरी कापड ताणलेलं आहे. त्यानंतर नाकाच्या सावलीची कड बघावी: रेघ आहे की पुसट. एवढं पाहिलं की सामानाची यादी आपोआप कळते. 'कागज के फूल' आणि 'अपराजितो' या नजरेने एकदा परत पाहा, आवाज बंद करून. फोनवर नको, निदान घरातल्या टीव्हीवर.

आणि खरेदी करायचीच असेल तर माझं सरळ मत असं: एक चांगला, आर-९ नव्वदच्या वर असलेला एलईडी, एक मोठा सॉफ्टबॉक्स किंवा त्याच्या जागी मलमल, थर्मोकोलचे दोन पत्रे, काळं कापड, आणि दोन जाडजूड स्टँड, ज्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाल. वाळूच्या पिशव्यांची गंमत वाटून घेऊ नका. दिवा हवेने पडतो, आणि नेमका पाहुण्याच्या अंगावर पडतो.